आठ वर्षं टिकलेला ड्राइव्ह

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

सकाळी उत्कर्षाचा फोन. यांचं वर्षश्राद्ध आठ ऑक्टोबरला येतंय. ती आणि जावई सहा तारखेला पुण्याहून येणार, आणि येणारच आहेत तर घरही आवरून देणार.

"आई, बाबांचा तो कॉम्प्युटर आणि त्या सीड्या भंगारात काढू या. तेवढीच जागा मोकळी होईल."

तीन खोल्यांत मी एकटी राहते. आणखी जागा मोकळी करून तिथे काय करायचं, ते तिने सांगितलं नाही. मी "बघू" म्हटलं. जिल्हा परिषदेत तेहतीस वर्षं कारकुनी केली. माझ्या "बघू"चा अर्थ तिथला शिपाईसुद्धा ओळखायचा. पोटच्या मुलीला कळत नाही.

दुपारी सीड्या मोजल्या. चौसष्ट. प्रत्येकीवर हिरव्या शाईत यांचं अक्षर. भूमिती आठवी, पाठ अमुक. भूमिती नववी, पाठ तमुक. हे मैंदर्गीच्या शाळेत भूमिती शिकवायचे. रोज संध्याकाळी घरी माइकसमोर बसून धडे बोलायचे, त्याच्या सीड्या काढायचे आणि मुलांना फुकट वाटायचे. ज्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही त्यांनासुद्धा. ती मुलं सीडीत बघून भांग पाडत असतील.

यांचा आवाज ऐकून अकरा महिने झाले. फोनवर हे "हो" आणि "ठेवतो" याखेरीज काही बोलत नसत. उत्कर्षाच्या लग्नाच्या व्हिडिओत दोन तास आहेत, पण एक शब्द नाही. आवाज असलाच तर या चौसष्टांत आहे.

भंगारात द्यायच्या आधी एकदा ऐकावं म्हणते. एवढंच.

४ सप्टेंबर

कॉम्प्युटर लावला. चालू झाला. सीडीचा ट्रे बाहेर आला, पण अर्ध्यावर अडकला. ओढून काढावा लागला. सीडी घातली. आत काहीतरी घरघरलं आणि पडद्यावर आलं, "डिस्क घाला." काढून परत घातली. "डिस्क घाला." तीन वेगवेगळ्या घातल्या. घातलेली असताना घाला म्हणणारी माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांना निदान पगार तरी होता.

माळ्यावरचं खोकं काढलं. अपेक्षा होती तेच निघालं. आणखी तीन मेलेले ड्राइव्ह, प्रत्येकावर यांची चिठ्ठी. "बंद, ऑक्टोबर २०१३." "बंद, ऑक्टोबर २०१४." "बंद, ऑक्टोबर २०१६." बिघडलेल्या वस्तूवर तारीख घालून ती जपून ठेवणारा माणूस. घरात कुठली वस्तू घ्यायची अक्कल यांना कधी नव्हती. दरवर्षी ऑक्टोबरात बंद पडतो म्हणजे माल कसा असेल? यांना मात्र दुकानदाराने सांगितलं ते खरं. सोळा साली घेतलेला हा चौथा तेवढा आठ वर्षं टिकला. एकदा तरी नशिबाने बरा मिळाला म्हणायचं.

आता तोही गेलाय. नवा घ्यावा लागणार.

८ सप्टेंबर, सोमवार

नवी पेठेत गेले. दुकान कॉम्प्युटरचं, आत मोबाइलची कव्हरं. मालक शिवशरण, दुधनीकडचे. माहेरच्या बाजूचे म्हणून मी जरा बरं मत घेऊन आत गेले होते.

"काकू, सीडी? आता कोण वापरतंय ओ सीडी?"

"मी."

"पेन ड्राइव्ह घ्या की. ह्यात सगळं मावतंय."

"सीडीतलं पेन ड्राइव्हमध्ये जाणार कसं?"

"कॉपी मारायचं की."

"कशातून?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग शोध लागल्यासारखं म्हणाले, "हां, त्याला ड्राइव्ह लागतंय."

शेवटी समजलं ते असं. ड्राइव्ह दोन प्रकारचे. एक कॉम्प्युटरच्या पेटीत जुन्याच्या जागी बसतो, बाराशे पन्नास. दुसरा बाहेर ठेवून वायरने जोडायचा, एकवीसशे.

"बाहेरचा घ्या, काकू. स्लिम हाय. दिसायला लई भारी."

"वाचायला?"

"वाचतंय की. नाही वाचलं तर सीडी खराब समजायचं."

म्हणजे ड्राइव्ह कधीच खराब नसतो. मी कोटेशन लिहून मागितलं. ते हसून कोपऱ्यातल्या कुणालातरी कन्नडमध्ये काही म्हणाले. दुधनीत वाढले आहे मी. 'मास्तरीण दिसते' म्हणाले ते. बाहेर पडताना मीही कन्नडमध्येच सांगितलं, मास्तरीण नाही, मास्तरांची बायको. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. या आठवड्यात तेवढंच बरं वाटलं.

१० सप्टेंबर

अनिमेषने पुण्याहून परस्पर एक ऑनलाइन मागवला. बाहेरचा, सातशे नव्व्याण्णव. मला विचारलं नाही. जावयाला वाटतं की वस्तू घरपोच आली म्हणजे काम झालं.

१३ सप्टेंबर

आला. खोक्यावर सहा भाषा आणि सगळ्या चुकीच्या. ड्राइव्ह पापडासारखा. ट्रे बोटाने दाबला तर वाकतो. जोडला. टक्, टक्, टक् असे तीन आवाज, दिवा विझला.

अनिमेषला फोन केला.

"मम्मी, मागच्या पोर्टला लावून बघा. पुढच्याला पॉवर कमी मिळते."

टेबलाखाली शिरून मागे लावला. टक्, टक्.

"मम्मी, ॲक्च्युअली तुमचा कॉम्प्युटरच म्युझियममध्ये ठेवण्यासारखा आहे. त्या सीड्या मी पुण्यात एकाला देतो ना. तो सगळं मोबाइलवर टाकून देईल."

"घरातलं बोलणं परक्याच्या दुकानात वाजवायचं नाही."

"अहो, भूमितीच आहे ना त्यात?"

मी ठेवते म्हटलं आणि ठेवला. ड्राइव्ह परत पाठवला. न्यायला आलेल्या माणसाने कारण विचारलं. "दिसायला भारी आहे," म्हटलं.

१७ सप्टेंबर

ऑफिसच्या सवयीने तुलनात्मक तक्ता केला. शिवशरणचे दोन, अनिमेषचा एक. आतला, बाहेरचा, पापड. हमी, किंमत, शेरा. शेऱ्यात तिन्ही नामंजूर.

खरं लिहायचं तर बाराशे पन्नासचा नामंजूर करण्याचं कारण मला सापडलं नाही. माझं पेन्शन बऱ्यापैकी आहे. घ्यायचाच असता तर आठ तारखेलाच घेऊन आले असते. कोटेशनं कुणी का मागवतं, हे तेहतीस वर्षांत मला चांगलं कळलेलं आहे. खरेदी लांबवायला.

चौसष्ट सीड्यांत नुसती प्रमेयं निघाली तर? किंवा काहीच निघालं नाही तर? यांचं काहीही नीट टिकत नसे. आत्ता निदान चौसष्ट आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. या वर्षी घट नाहीत. वर्षाच्या आत सण नाही. समोरच्या बाई हे मला समजावून सांगायला मुद्दाम आल्या, जणू माझ्या घरात कोण गेलं ते मला माहीत नाही. पंधरा मिनिटं बसल्या, चहा घेतला, "सर फार शांत होते हो" म्हणाल्या. शांत होते कारण त्यांना बोलायचा कंटाळा होता. लोकांना याच्यात काय थोर दिसतं कुणास ठाऊक.

खंडेनवमीही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा चुकतेय. मला सणावारांची मोठी हौस नाही, पण खंडेनवमी कधी सोडली नव्हती. दुधनीला अप्पांची पिठाची गिरणी होती. आई दर खंडेनवमीला गिरणीच्या तोंडाला हळदकुंकू आणि अक्षता वाहायची. वरून नाही, अंगावर नाही, जिथून यंत्र खातं तिथेच. एका वर्षी ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि पूजा राहिली. त्याच दिवाळीच्या आधी अप्पांची दोन बोटं पट्ट्यात गेली. मी दाराशीच उभी होते. आठ वर्षांची.

कॉम्प्युटर घरी आला त्या वर्षी मी यांना सीडीचा ट्रे उघडायला लावला आणि तिथे हळदकुंकू वाहिलं. यांनी एकदाच विचारलं, "वरून वाहिलं तर नाही का चालणार?" मी अप्पांच्या बोटांची हकिगत सांगितली. परत कधी विचारलं नाही. दर खंडेनवमीला सकाळी गुपचूप ट्रे उघडून बाजूला उभे राहायचे. गेल्या वर्षीसुद्धा. त्यानंतर आठवड्याने गेले.

यांचं सणाशी नातं तेवढंच. दसऱ्याला सगळी कॉलनी आपट्याची पानं घेऊन बाहेर पडायची, मी एकटीच घरोघरी जायचे. हे घरात. "गुडघा दुखतोय." दरवर्षी बरोबर दसऱ्याला गुडघा दुखायचा. मला इतकी लाज वाटायची. लोक विचारायचे, सर कुठे? काय सांगणार, सर घरात बसलेत.

२५ सप्टेंबर

तिसरं कोटेशन. अशोक चौकाजवळ चैताली नावाच्या एका बाईचं दुरुस्तीचं दुकान आहे, असं पोस्टातल्या माणसाने सांगितलं. वय पस्तिसेक. दुकान एवढंसं. तिने मान वर न करता विचारलं, "काय झालंय?"

आवडलं मला. "बसा काकू, पाणी घ्या काकू" नाही.

सांगितलं. ड्राइव्ह हवा, कमी किमतीचा, टिकाऊ, सीडी वाचणारा.

"सीड्या किती जुन्या?"

"दहा-बारा वर्षं. काही पंधरा."

"मग ड्राइव्हचं जाऊ द्या, काकू. आधी सीड्यांचं बघा. घरी काढलेल्या सीड्या हायत नव्हं? त्या पण मरतात. आज वाचतील, दोन वर्षांनी वाचतील असं न्हाय. तुम्ही कशाची वाट बघताय?"

मी हातातला तक्ता घडी घालून पिशवीत टाकला.

"जुना ड्राइव्ह फेकला का?"

"आतच आहे."

"पेटीसकट घेऊन या. नवा कशाला घालायचा, आधी जुना बघू की."

दुकानात नवे ड्राइव्ह फळीवर दिसत होते. स्वतःचा माल न विकणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. एक तर फार प्रामाणिक असेल, नाहीतर धंदा कळत नसेल. हेही असेच होते. दोन्ही.

२६ सप्टेंबर

उत्कर्षाचा फोन. भंगारवाला ठरवलाय, सात तारखेला येतोय. किलोवर घेणार. मी "बघू" म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

पेटी चादरीत गुंडाळून रिक्षाने नेली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, टीव्ही हाय का?" होय म्हटलं. कोण समजावणार.

चैतालीने पेटी उघडून ड्राइव्ह काढला, उलटा केला आणि स्क्रूवर बोट फिरवलं.

"हा आधी कुणी उघडलाय?"

"कुणी नाही. आमच्याकडे कुणाला स्क्रू फिरवता येत नाही."

"न्हाय कसं? लई वेळा उघडलाय की. खाचा झिजून गोल झाल्यात बघा."

बघितल्या. झिजलेल्या होत्या. मी म्हटलं, मग जुना वापरलेला माल यांच्या गळ्यात मारला असेल दुकानदाराने. यांच्या बाबतीत तेच शक्य होतं.

तिने चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हसायला लागली. मोठ्याने, डोक्याला हात लावून.

"अगं आई गं! काकू, हा ड्राइव्ह हाय का देव्हारा?"

आत सगळं पिवळं आणि लाल. कोपऱ्याकोपऱ्यात हळद, मधल्या भिंगावर कुंकवाचा थर, ट्रेच्या दातऱ्या चाकात तांदळाचा एक दाणा अडकलेला. म्हणून ट्रे अर्ध्यावर थांबायचा.

"खंडेनवमी," चैताली म्हणाली. "आमच्यात पूजा नसते, पण धंदा हिच्यावरच हाय बघा. दसरा झाला की पंधरा दिवस नुसतं हेच. कचेऱ्यांतले की-बोर्ड येतात, प्रिंटर येतात, सगळ्यांच्या पोटात हळदकुंकू. पण ड्राइव्हच्या आत? तिथं कोण वाहतंय ओ?"

मी पेटीची चादर घडी करायला घेतली.

कापसाच्या काडीला तिने काहीतरी लावून भिंग पुसलं. काडी लाल झाली. दुसरी घेतली. मग झाकण पुसायला उलटं केलं आणि थांबली.

"काकू, हे बघा."

झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईत, एकाखाली एक, फळ्यावर लिहावं तसं सरळ:

दसरा १७
दसरा १८
दसरा १९
दसरा २०
दसरा २१
दसरा २२
दसरा २३

"कुणीतरी दरवर्षी साफ केलाय," चैताली म्हणाली. "कोण, सर का?"

मी झाकण हातात घेतलं. माझ्या डोक्यात खोक्यातल्या चिठ्ठ्या आल्या. ऑक्टोबर, ऑक्टोबर, ऑक्टोबर. तीन मरू दिले, मग हा उघडायला शिकले. आठ वर्षं टिकला. सात वेळा गुडघा दुखला.

चोवीस सालच्या दसऱ्याला हे हॉस्पिटलात होते.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. नाही म्हटलं. तिने तांदळाचा दाणा चिमट्याने काढला, चाक फिरवून बघितलं आणि मी नेलेली एक सीडी घातली. ड्राइव्ह फिरला. पडद्यावर यादी आली.

"वाजवू?"

"नको. इथे नको."

"बरोबर हाय." तिने झाकण लावायला घेतलं.

मी म्हटलं, "थांब. पेन आहे का? पक्क्या शाईचं."

काळं होतं, हिरवं नव्हतं. तेविसाच्या खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं, दसरा २५. माझं अक्षर यांच्यापुढे अगदीच गचाळ दिसतं.

तिने दीडशे रुपये घेतले. तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सणाचं वर्ष नाही, म्हणून पूजा नाही. कॉम्प्युटर त्यामुळे वाचला.

करंडा कपाटातून काढला, बघितला, परत ठेवला. सकाळभर चरफडत होते. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही? "तुझ्या कुंकवाने यंत्र बिघडतं." सहा शब्दसुद्धा नाहीत. मी काय खाल्लं असतं का यांना? प्रमेयाच्या सिद्धतेला पाऊण तास बोलणारा माणूस.

मग आठवलं की एकदा विचारलं होतं. आणि मी बोटांची हकिगत सांगितली होती. ती सांगताना मी स्वतःची दोन बोटं मुठीत धरून ठेवली होती, आणि यांनी ट्रे उघडून दिला होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कॉलनीत सोनं वाटणाऱ्यांची ये-जा. मी घरात. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, बरं नाही का?" गुडघा दुखतोय म्हटलं.

सीडी घातली. भूमिती आठवी, पाठ तिसरा. कशी निवडली? वरची होती म्हणून.

खरखर. घसा साफ केला. "हं. मुलांनो, वही काढा. त्रिकोण एबीसी काढा. घाई नको. पट्टी वापरा." तोच आवाज. तितकाच कंटाळवाणा. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं, जणू समोर पन्नास जण पट्टी शोधतायत. मी स्वयंपाकघरातून इतकी वर्षं हे ऐकत होते आणि एक शब्द ऐकला नव्हता.

सहाव्या मिनिटाला लांबून बायकी आवाज. कर्कश. "अहो! त्या डबड्याशी बोलणं झालं असेल तर दळण आणा! गिरणी बंद होईल!"

मी आहे ती. असा आवाज आहे माझा.

"मुलांनो, एक मिनिट," हे म्हणाले. "जरा दळण आणतो." खुर्ची सरकली. चपला. दार.

रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. नंतर कापलंही नाही, तसंच सीडीवर घातलं आणि तसंच मैंदर्गीच्या मुलांना वाटलं. निष्काळजी माणूस. त्या सगळ्या मुलांनी माझं ओरडणं ऐकलंय.

मग रिकामी खोली. कुकरची शिट्टी. भांडी. कुणीतरी पुटपुटतंय, "काय माणूस आहे, एक काम सांगितल्याशिवाय करेल तर शपथ." तीही मीच. पंखा. बाहेर कुणाची तरी सायकल.

मध्येच फोन वाजला. उत्कर्षा. बोटाने सीडी थांबवली.

"आई, भंगारवाला सातला सकाळी नऊ वाजता—"

"नको सांगूस त्याला यायला."

"अगं पण ड्राइव्हच नाही ना चालत?"

"चालतो. जागा मोकळी करायची नाही. आलीस की तुला एक काम आहे, चौसष्ट सीड्यांच्या दुसऱ्या प्रती काढायच्या आहेत. त्या मरतात."

"कोण मरतात?"

"ठेवते," म्हटलं. आणि ठेवला.

परत सुरू केली. रिकामी खोली. घड्याळ लावून बसले. माझं पुटपुटणं संपलं, कुकर उतरला, नंतर काहीच नाही, पंखा नुसता. अकरा मिनिटं. पुढे ढकलता आली असती, ढकलली नाही. दळणाला तेवढा वेळ लागतोच, रांग असते.

सतराव्या मिनिटाला कडी वाजली. चपला काढल्या. डबा ठेवला. खुर्ची सरकली.

"हं. आलो. कुठे होतो आपण?"